कोऱ्या कागदातले बगळे

जलरंगात मी पांढरा रंग कधीच वापरत नाही. पांढरं हवं तिथे कागद कोरा सोडते. वस्तीमागच्या पाणथळीची माझी चित्रं भिंतीवर ओळीने टांगलेली आहेत. पहिल्यात पाणी काठोकाठ, पुढे ते आटत गेलेलं, शेवटच्यात नुसता चिखल आणि भरावाचे ट्रक. बगळे एकाही चित्रात नव्हते. माझ्यासाठी ते एका जागी बसतील तर शपथ!

त्या सकाळी शेवटच्या चित्रातल्या चिखलावर बगळ्याच्या आकाराचा कागद कोरा दिसला. रंग खरवडलेला नव्हता. तिथे तो जणू लागलाच नव्हता. मी वहिनीला ओढत आणलं. पाणथळीवरचा एकेक पक्षी तिच्या ओळखीचा. ती चित्राला नाक लावून बराच वेळ बघत राहिली. हा आपला लंगडा, म्हणाली, कालपासून दिसत नाहीये.

मग बांधावर बसून मी नवं चित्र घेतलं. समोरचा बगळा उडाला नाही, नुसता नाहीसा झाला, आणि कागदावरचा ओला रंग बाजूला सरकला. आनंदाने मी लगेच दुसरा कागद लावला. भराव संपत आला होता, बगळ्यांना जवळपास दुसरं पाणी उरलं नव्हतं, आणि इथे ते माझ्याकडे येत होते! आम्हा दोघींना तहानभूक राहिली नाही. नवी चित्रं घरी ओळीत टांगावीत तर बगळे चौकटी ओलांडून जुन्या चित्रांकडे, पाण्याकडे निघालेले.

शेवटचे दोन ट्रकच्या आवाजाला बुजून गवतात लपले. त्यांना हाकायला वहिनी चिखलात उतरली.

"वहिनी, बाजूला हो. चित्रात येतेयस."

"येऊ दे की. तुझ्या चित्रात मला कधी जागा मिळालीये?" ती हसली.

मी कुंचला बुडवला. मान वर केली.

समोर चिखल होता. ट्रक होते.

कागदावर तीन कोऱ्या जागा होत्या.

दादा अजून वहिनीला शोधायला भराव उकरून घेतोय. चित्रं दाखवली तर तो माझ्याकडेच बघत राहिला. मी चित्राच्या काचेला तोंड लावून वहिनीला परत बोलावते, पण ती बगळ्यांमागे चाललीच आहे. काल गुडघाभर पाण्यात होती, आज सकाळी छातीभर.

वहिनीला पोहता येत नाही.

आता सगळे बगळे पहिल्या चित्रात, बांधावर बसलेत. पाण्याच्या मधोमध फक्त वर केलेल्या हाताच्या आकाराचा कागद कोरा आहे.