खऱ्या हाताचं क्लिक

विश्वास ठेवाच, असं म्हणणार नाही. पण हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. गेल्या वर्षी, दिवाळी नुकतीच सरली होती. तारकर्लीत, भर दुपारी.

माझा मावसभाऊ दीपेश घरी बसून वेबसाइट बनवतो. त्याचे काका दत्ताराम होडीतून पर्यटकांना फिरवतात. त्यांच्या बुकिंगसाठी तो एक पान बनवत होता. पानावर खाडीचा नकाशा. हवी ती जागा दाबायची.

ते पान सगळ्या ब्राउझरांत नीट चालतं का, हे तपासायला त्याने स्क्रिप्ट लिहिली होती. ती आपली आपण क्लिक करत जायची. बाजूला उमटायचं... स्क्रिप्टचं क्लिक असेल तर 'खोटं', माणसाच्या हाताचं असेल तर 'खरं'. ब्राउझरला हा फरक कळतो, असं दीपेश म्हणाला.

जेवून आम्ही त्यांच्या घरापुढच्या खळ्यात बसलो होतो. स्क्रिप्ट चालू होती.

खोटं... खोटं... खोटं...

खरं.

दीपेशने स्क्रिप्ट थांबवली. माऊस काढला. टचपॅडवरही कुणाचा हात नव्हता.

पडद्यावरचा बाण थांबला नाही.

खरं, खरं. दोनदा. देवबागच्या टोकाला, नदी समुद्राला मिळते तिथे.

बिघाड असेल म्हणून त्याने दुसरा ब्राउझर उघडला. मग तिसरा. नकाशा सरकवला, तर बाण मागोमाग सरकला. पाण्यातल्या त्याच जागेवर... दोनदा.

स्क्रिप्टचा बाण थेट उडी मारतो. हा चाचपडत येत होता.

दत्तारामकाका कधी मागे येऊन उभे राहिले, कळलंच नाही.

"माऊस खंय आसा?"

दीपेशने हातातला माऊस दाखवला.

काका पडद्याजवळ वाकले. मग म्हणाले, "मथुरा नेहमी दोनदा दाबी."

मथुराकाकी त्यांची बायको. कॉम्प्युटरवर बुकिंग तीच बघायची. काही वर्षांपूर्वी त्याच जागी दोघांची होडी उलटली. काका पोहत आले.

काकी सापडलीच नाही.

दीपेश लॅपटॉप मिटायला गेला. काकांनी त्याचा हात धरला.

"बंद करू नको. ती वाट सोधता."

दुसऱ्या दिवशी क्लिक त्या जागी नव्हतं. थोडं आत, खाडीत आलं होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी आत.

मी त्याच संध्याकाळच्या गाडीने मुंबईला निघालो. पळालोच म्हणा.

आठवड्याने दीपेशचा फोन आला. बाण त्यांच्या घरामागच्या धक्क्याला लागला होता. त्याने घाबरून सगळं पुसून टाकलं. काका रागावतील असं त्याला वाटलं होतं. ते रागावले नाहीत.

म्हणाले, "आता गरज नाय. हयसून घराची वाट तिका म्हायत आसा."

तेव्हापासून काका मागचं दार लावत नाहीत. दीपेश आपल्या खोलीला आतून कडी घालतो.

मी अजून तिकडे गेलेलो नाही. फोन आला की विचारतो, काका कसे आहेत?

तो म्हणतो, बरे आहेत. हल्ली खूश असतात... कुणाशी तरी बोलत असतात.

मी पुढचं विचारत नाही.