ड्रायक्लीनरच्या बाकड्यावरचं स्थळ

पंकजानं साडीची घडी उलगडली आणि ती काउंटरवर पसरून धरली. मोतिया रंगाची रेशमी साडी, आणि काठाचा सगळा जांभळा रंग अंगभर उतरलेला! निऱ्यांच्या जागी तर बिटाची कोशिंबीर सांडल्यासारखा डाग.

"हे... हे काय केलंत?"

काउंटरमागे दुकानाचे मालक रामशेठ मोबाईलवर कसला तरी व्हिडिओ बघत होते. मान वर करण्याचे कष्टही त्यांनी घेतले नाहीत. "रंग कच्चा होता. कापडच तसलं, आम्ही काय करणार?"

"याआधी दुसरीकडं कितीदा तरी ड्रायक्लीन केलीय. कधी नाही गेला रंग."

"मग तिकडंच टाकायची होती की."

आता सांगा, यावर माणसानं काय बोलावं? पंकजा दिवसभर नागापूरच्या कंपनीत उभी राहून, एमआयडीसीतून स्कूटी हाकत इथवर आलेली. भांडायलासुद्धा अंगात त्राण लागतं, आणि तिच्यात ते उरलं नव्हतं.

"तुमची निदान साडी हाय एवढं तरी वळखू येतंय," मागून आवाज आला. "हे बघा."

तिनं वळून पाहिलं. उंच, सावळा, शर्टाच्या बाहीला ओली माती लागलेला एक जण कोट धरून उभा होता. कोटाच्या छातीवरचं कापड जागोजागी टम्म फुगलेलं.

"तुम्हालाही कापडच तसलं म्हणाले?"

"न्हाई. मला म्हणले, तुमचं अंगच तसलं."

पंकजा खुदकन हसली. आणि हसल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं... किती दिवस झाले होते असं हसून!

त्याचं नाव गोरक्ष. राहुरीजवळ त्याची रोपवाटिका होती आणि रोपं पोचवायला तो टेम्पो घेऊन इथं शहरात, सावेडीत येत असे.

"मला भरपाई नको," पंकजा रामशेठना म्हणाली. "आमचं चुकलं एवढं म्हणा, आणि डाग निघतो का ते बघा. रविवारी हवीय मला साडी."

"चुकलं असतं तर म्हणालो असतो. ठेवून जा. परवा या."

परवा गेलं तर म्हणे उद्या या. उद्या गेलं तर म्हणे कारागीर यायचाय, बसा. लग्नसराईचे दिवस, दुकान शालूंनी आणि शेरवान्यांनी गच्च भरलेलं. शेठचा तोरा काय विचारता! काउंटरला लागून, पायरीवर एक लाकडी बाकडं होतं. त्यावर एका टोकाला पंकजा बसायची, दुसऱ्या टोकाला गोरक्ष. मध्ये चहाचे दोन ग्लास.

थंडी चांगलीच पडली होती, रस्त्यावरून वारा नुसता अंगात शिरायचा. पण दुसऱ्या दिवशी पंकजाच्या लक्षात आलं, आज वारा लागत नाहीये. गोरक्षनं टेम्पो अगदी बाकड्याला आडवा लावला होता.

"तिकडं पलीकडं एवढी जागा असताना टेम्पो इथं का लावलात?"

"रोपांना ऊन लागतं... म्हंजी, वारा लागतो."

"टेम्पो तर रिकामा आहे."

त्यावर त्यानं चहाचा मोठा घोट घेतला. कान मात्र लाल झालेले.

मग साडीचा विषय निघाला. साडी भारतीमामीची. ती नेसून मामी पहिल्याच फटक्यात पसंत पडली होती, म्हणून आईच्या मते ती साडी शकुनाची. झालं! तेव्हापासून जे जे पाहुणे आले, त्यांच्यासमोर पंकजा तीच साडी नेसून पोह्यांचा ट्रे घेऊन गेली. पाहुणे पोहे खायचे, घर बघायचे, तिच्याकडे बघायचे, आणि मग कधी उंची आडवी यायची, कधी नोकरी, कधी वय.

"माझाबी तो बघायला जायाचा कोट," गोरक्ष म्हणाला. मग एकाएकी ताठ बसला आणि घसा खाकरून भारदस्त आवाजात म्हणाला, "हं. मुलीचं नाव काय?"

पंकजाला क्षणभर कळलं नाही. मग तिनं ओढणी डोक्यावर घेतली आणि खाली बघत म्हणाली, "पंकजा."

"सैपाक येतो का?"

"येतो. पण करायचा कंटाळा येतो."

"आवड कशाची?"

"खरं सांगू? गाडी दुसऱ्या कुणीतरी चालवावी, मी मागं बसावं, आणि कुठं जायचंय ते कुणी विचारूच नये."

गोरक्ष तिच्याकडे बघतच राहिला. एवढं खरं ती कुठल्या पाहुण्यांसमोर बोलली होती?

"आता मी विचारते," ती घाईघाईनं म्हणाली. "मुलगा काय करतो?"

"शेती. रोपवाटिका."

"अगं बाई! मग नोकरी का नाही केली?"

"केली हुती की, पुण्यात. तिथं बसायच्या जागेला खिडकीच नव्हती. जीव गुदमरला, परत आलो." तो हसला. "पाव्हण्यांना सांगतो, आई-वडलांची शेवा करायला आलो. तरी पोरीचे वडील चहा पिऊन जे जात्यात, ते जात्यातच."

दोघंही हसले. आतून रामशेठ खेकसले, "हळू हसा! दुकान आहे हे." तर दोघांना आणखीच हसू फुटलं.

हसू ओसरलं. मग पंकजा ग्लास दोन्ही हातांत धरून हलक्या आवाजात म्हणाली, "रविवारी पुण्याचे पाहुणे आहेत. मी ठरवलंय... या वेळी हो म्हणायचं."

"मुलगा... चांगला हाय?"

"माहीत नाही. कसाही असला तरी. त्याला मी चालले, की हो. दमले मी हो. संपवायचंय मला हे सगळं."

गोरक्षनं चहाचा ग्लास खाली ठेवला. नंतर त्यानं एकही थट्टा केली नाही. उठताना मात्र तो काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणालात?"

"काय न्हाई. डाग न निघो, म्हणलं."

शनिवारी रामशेठनी साडी काउंटरवर आपटली. डाग तसाच, वर रेशमाची चमकही गेलेली. "निघत नाही. घेऊन जा. आणि रोज इथं येऊन बसू नका, गिऱ्हाईक बिचकतं."

"तुमच्या हातून खराब झाली," पंकजा म्हणाली. "चुकलं, एवढं म्हणायला काय जातं तुमचं?"

"मला बाकड्यावरचं सगळं ऐकू येतं, मॅडम. एवढ्या लोकांनी तुम्हाला नाही म्हटलं, ते काय साडीमुळं? उगाच आमच्यावर बिल फाडू नका."

दुकानातली इतर गिऱ्हाइकं मान वळवून बघायला लागली. पंकजाचे कान तापले. तिनं साडी ओढून छातीशी घेतली. तेवढ्यात गोरक्ष पुढं आला. आता हा हात उचलतोय, असं वाटून तिचा जीव धसकला. पण त्यानं आवाजसुद्धा चढवला नाही.

"शेठ," तो म्हणाला, "ज्यांनी ज्यांनी यांना न्हाई म्हणलं ना, त्या समद्यांच्या मी पाया पडायला तयार हाय. एकानं जरी हो म्हणलं असतं, तर मला ह्या भेटल्या असत्या का?"

रामशेठ 'चला, पुढचं कोण?' म्हणत दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. चुकलं म्हणाले नाहीत ते नाहीतच. असली माणसं म्हणत नसतात.

पंकजा बाहेर येऊन बाकड्यावर बसली आणि रडू लागली. साडीसाठी नव्हे; इतक्या दिवसांचा सगळा शीण एकदमच डोळ्यांतून वाहायला लागला. गोरक्ष समोर अवघडून उभा. रुमाल काढला, तो मातीनं माखलेला बघून परत खिशात घातला.

"ते... रागात म्हणालात ना?" तिनं नाक पुसत विचारलं.

"राग आला हुता. पण म्हणलो ते खरं हाय."

"मग विचारा ना! आत्ताच विचारा. हो म्हणून टाकते."

त्यानं मान हलवली. "न्हाई."

"नाही?" तिनं एकदम मान वर केली.

"तुमी आज कुणालाबी हो म्हणाल. पुण्यावाल्याला म्हणाल, मला म्हणाल. शेठनं विचारलं तर त्यांनाबी म्हणाल." ती रडता रडता हसली. तो मात्र टेम्पोच्या चाकाकडे बघत, अडखळत बोलत राहिला. "दमल्या माणसाचा हो मला नगं. मी... मी आवडलो पायजे तुमाला. न्हाई आवडलो तरी चालंल. पण इच्यार करून सांगा."

आजवर जो तो आपल्याला ती आवडते का तेवढंच बघून गेला होता. तुला कोण आवडतं, हे कुणी विचारलंच नव्हतं. त्या क्षणी तो तिला इतका आवडला, इतका आवडला, की छातीत दुखायला लागलं! पण तो म्हणतोय ते खरं होतं. आज तिचा तिच्यावरच भरवसा नव्हता.

"नंबर द्या तुमचा," एवढंच ती म्हणाली, आणि आपलाही त्याला दिला.

त्याच संध्याकाळी तिनं आईला सांगितलं, पुण्याचे पाहुणे नकोत.

"साडी खराब झाली म्हणून? अगं, मामीची दुसरी आणते मी!"

"साडीचं नाही गं आई. मला नकोय."

आईनं कपाळाला हात लावला, पदर डोळ्यांना लावला, लोक काय म्हणतील तेही म्हणून झालं. शेवटी वडीलच म्हणाले, "अगं, नको म्हणतेय ना पोर? फोन करून टाक. बिचारे निघायच्या आत कळू दे त्यांना."

रविवारी पंकजा झोपली. कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या, दुपार होऊन गेली, तरी झोपली. पुढचे दिवस कामावर गेली, आली, जेवली, परत झोपली. गोरक्षचा फोन नाही. इच्यार करून सांगा म्हणाला म्हणून काय माणसानं एवढं शब्दाला पक्कं राहावं? निदान चुकून तरी लागावा की नाही फोन! आपण त्याच्यावर रागावलोय हे तिच्या ध्यानात आलं, आणि आपण वाट बघतोय हेही.

सुट्टीच्या दिवशी सकाळी तिनं सावकाश चहा घेतला आणि गच्चीत जाऊन नंबर लावला. पलीकडून पाण्याच्या मोटारीचा आवाज आला.

"हॅलो? मोटार चालू हाय, ऐकू येत न्हाई. कोण बोलतंय?"

"पंकजा."

मोटार बंद झाली. एकदम सगळं शांत.

"बोला..."

"मी नाही बोलणार. तुम्ही विचारा."

मग त्यानं विचारलं, इतक्या हळू की तिला फोन कानाला दाबून धरावा लागला, "मी... आवडतो का तुमाला?"

"आवडता," ती म्हणाली. "खूप आवडता. आणि ऐका हो, आज मी अजिबात दमलेली नाहीये."