शेवटचा काप

धातू व कार्बन यांच्या संयोगातून झालेले कार्बाइड पोलादाहूनही कठीण. तथापि प्राणवायूपुढे त्याचाही पृष्ठभाग गंजतो. तो कसा गंजतो, याचा शोध माझी थोरली बहीण घेते. क्ष-किरणांच्या माऱ्याने पृष्ठभागावरून इलेक्ट्रॉन उडतात व त्यांच्या ऊर्जेवरून तेथे कोणते मूलद्रव्य आहे, हे तिला उमगते. तिच्या बुद्धीपुढे मी सदैव नतमस्तक आहे. माझे शिक्षण अर्धवट. तिच्याच प्रयोगशाळेत, नमुना ज्या निर्वात पेटीत ठेवतात तिचे पंप व जोड मी सांभाळतो.

त्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेचे प्रमुख सर काम पाहायला येणार होते. आरंभीचा पृष्ठभाग निर्मळ दिसला, तरच ताईचे काम पुढे चालणार होते. नमुना म्हणून तिने आमच्या दिवंगत वडिलांच्या लेथवरील, धातू कापायच्या हत्याराचे कार्बाइडचे टोक हट्टाने बसवले होते.

टोक खरवडून स्वच्छ केले होते, तरी पडद्यावरच्या आलेखात प्राणवायूची रेषा उमटली. चढली, उतरली, पुन्हा चढली.

"बारक्या, जोड गळतोय तुझा."

"गळला तर नाक कापून देईन, ताई."

"नाक राहू दे. हेलियम फिरव."

मी प्रत्येक जोडाभोवती हेलियम फिरवला; फट असती तर तो आत शिरून मापकावर दिसला असता. गळती कोठेही नव्हती. शिवाय चढलेला गंज आपोआप उतरत नाही, एवढे मलाही ठाऊक होते.

ताई पडद्याकडे पाहत राहिली. "बाबा झोपले की त्यांची छाती अशीच हलायची."

लहानपणी आम्ही बाबांचा डबा घेऊन कारखान्यात जात असू. शेवटचा बारीक काप घेताना ते श्वास रोखून धरीत. केसाचाही फरक पडू देत नसत. असा कारागीर मी पुन्हा पाहिला नाही. काप पुरा होताच आम्हा भावंडांपैकी कोणीतरी "झालं" म्हणायचे, तेव्हाच ते श्वास सोडीत.

जिन्यात सरांची पावले वाजली. ताई पेटीच्या काचेशी वाकली.

"बाबा, शेवटचा काप आहे."

रेषा खाली बसली. सपाट.

सरांनी पुष्कळ वेळ पडदा न्याहाळला. "इतका स्वच्छ पृष्ठभाग मी तरी पाहिला नाही. चालू ठेवा काम." त्यांनी चष्मा खिशात ठेवला. "चला, झालं."

ताईने माझ्याकडे पाहिले.

पेटीच्या काचेवर हळूहळू वाफ धरली. मी ती बाहीने पुसली.

ती आतून होती.