माहेरी गेलेला मेपल

निवृत्त शिक्षक शामराव कांबळे दादरच्या एका चिमुकल्या डिटेक्टिव्ह ऑफिसात शिरले ते लोकरीची शाल छातीशी धरून. महिना जानेवारी, पण मुंबईचा जानेवारी. विनीतच्या डोक्यावर पंखा गरगरत होता.

"माझं झाड चोरीला गेलं," ते म्हणाले आणि बसायच्या आधीच त्यांचे डोळे भरून आले.

विनीत हसणारच होता. अपूर्वाने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. गुप्तहेरगिरीत ती त्याची बॉस आणि एरवी शाळेपासूनची मैत्रीण, त्यामुळे हा अधिकार तिला दोन्हीकडून होता.

"जपानी मेपल," शामराव सांगू लागले. "आमच्या हिने, सुंदराने, सिमल्याच्या सहलीतून एवढंसं रोप आणलं होतं. आता गुडघ्याएवढं झालंय. मार्चमध्ये लाल पालवी फुटते, बाळाच्या पंजासारखी. गेल्या मार्चमध्ये सुंदरा गेली. येत्या मार्चला वर्ष होईल, तिचं पुण्यानुमोदन आहे. त्या दिवशी ती पालवी घरात असली पाहिजे, बाई. मला दुसरं काही नको."

"आत्ता झाडावर पानं होती?"

"एकही नाही. दर थंडीत ती सांगायची, झाड माहेरी पाठवलंय. कुठल्या नर्सरीत, मी कधी विचारलं नाही. या वर्षी म्हटलं, आपणच जपू. हॉलमध्ये घेतलं, खिडक्या बंद केल्या, ही शाल गुंडाळली. काल विहारातून परत येतो तर कुंडी गायब. शाल मात्र घडी घालून स्टुलावर ठेवलेली!"

"सभ्य चोर दिसतो," विनीत म्हणाला. अपूर्वा हसली नाही. शालीकडे बघत बसली.

परळला, जुन्या चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत शामरावांचं घर होतं. त्यांचा मुलगा अमित घरूनच नोकरी करायचा. त्याने नाइलाजाने एका कानातला हेडफोन काढला.

"चोरी कसली, मॅडम? वाळकी काडी होती ती. मी बाबांना केव्हाचा सांगतोय, फेकून द्या."

"मग तूच फेकलीस?" विनीतने लगेच झडप घातली.

"आईचं झाड? मी?" अमित एकदम गंभीर झाला. "बोलतो मी तसं. पण हात लावला नसता कधी."

"काल कोण कोण आलं होतं?" अपूर्वाने विचारलं.

"कोणीच नाही. म्हणजे, सोनूमावशी आली होती तेवढी, मासेवाली. तिचा मुलगा चंदूदादा थर्माकोलचा हा मोठा बॉक्स घेऊन सोबत. पण माल चांगला नाही म्हणाली, काही न देताच गेली. मी कॉलवर होतो, मान वर केली नाही."

वरच्या मजल्यावर राहणाऱ्या प्रफुल्लकडे कुंड्यांची गच्च गर्दी होती आणि त्या झाडावर त्याचा जुना डोळा होता. विनीतने मनातल्या मनात त्याला बेड्या ठोकूनही टाकल्या.

"हो, मागितलं होतं मी," प्रफुल्लने कबूल केलं. "पण वहिनींनी दिलं नाही, आणि बरंच झालं. माझी गॅलरी पश्चिमेची. दुपारचं ऊन आणि खारा वारा लागला की मेपलची पानं कडेने करपतात. मुळाशी पाणी साचलं की मुळं कुजतात. आणि थंडीत त्याला खरोखरची थंडी लागते, काही आठवडे. तेव्हा ते झोपतं. झोप नीट झाली नाही, तर वसंतात धड फुटत नाही. मुंबईत ते इतकी वर्षं जगलं कसं, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही."

फाटकाशी सोनूबाई टोपली मांडून बसल्या होत्या. वरळीच्या कोळीवाड्यातल्या. सुंदराबाईंशी त्यांची मैत्री माशांच्या घासाघिशीतून सुरू झालेली.

"झाड गेलं ना? ऐकला मी," त्या म्हणाल्या. "पण मास्तरांना सांग, रडू नको म्हनावं. मेलं नाय ते, झोपलंय." मग विनीतकडे वळून, "पापलेट घे रे, ताजा हाय. आमच्या चंदूच्या गोदामात ये कवा, कॉटन ग्रीनला. बर्फाच्या खोलीत कुडकुडशील!"

विनीतने पापलेट घेतलं. तो तपासाचा भाग नव्हता, पण पापलेट खरोखरच ताजं होतं.

संध्याकाळी शामरावांच्या हॉलमध्ये सगळे जमले.

"चोर प्रफुल्लच," विनीत अपूर्वाच्या कानात म्हणाला.

"पापलेट सांभाळ," अपूर्वा म्हणाली आणि उभी राहिली. "सुरुवात शालीपासून करू. घाईतला चोर शालीसकट झाड उचलतो. याने ती सोडवली, घडी घातली. म्हणजे झाडाला ऊब नको, हे त्याला माहीत होतं. अमितला झाड मेल्यासारखं वाटत होतं, त्याला ऊब काय नि थंडी काय. प्रफुल्लना थंडीचं माहीत होतं, पण ती मुंबईत मिळते कुठे, हेच त्यांना कोडं होतं."

"मग नेलं कोणी?" शामराव कासावीस झाले.

"अमित म्हणाला, कोणी आलं नाही. रोजची माणसं आपण मोजतच नाही. सोनूबाई एवढा मोठा बॉक्स वरपर्यंत आणतात आणि मासळी न देताच नेतात. का? तो रिकामा आला आणि भरून गेला. झाड गेलं म्हटल्यावर माणूस आधी विचारतो, गेलं कुठे. सोनूबाईंनी तेवढं विचारलं नाही. उलट ते झोपलंय, हे त्याच सांगत होत्या. मास्तर, तुमच्या झाडाचं माहेर कॉटन ग्रीनला आहे. बर्फाच्या खोलीत."

सोनूबाईंनी पदराचं टोक तोंडात धरलं.

"मला झाडातलं काय कलत नाय," त्या म्हणाल्या. "सुंदरा बोललेली तसं केलं. दर थंडीला चंदू नेऊन ठेवायचा. ती बोलायची, मास्तरांना सांगू नको, झाड बर्फात हाय ऐकून ते स्वतःच काकडतील. जाताना माझा हात धरून बोलली, माझ्यामागं बी ने. मी दोनदा सांगितलं तुमाला, शाल काढा. तुमी आनखी घट्ट गुंडालली!"

शामराव खाली मान घालून बसले. "मी तर त्याला मारायलाच निघालो होतो," ते पुटपुटले.

"मायेनं हो, मास्तर," सोनूबाई म्हणाल्या. "चला, दाखवते."

गोदामातली ती खोली माल गोठवणारी नव्हती, गार ठेवणारी. तरी विनीतचे दात वाजू लागले. बांगडा मासळीच्या क्रेटमागे, कुंडीला गोणपाट बांधून, मेपल उभा होता. शामराव शाल उलगडत पुढे झाले. झाडापाशी ते थांबले, बारीक फांदीवरची कळी त्यांनी बोटाने चाचपली. मग वळून त्यांनी ती शाल कुडकुडणाऱ्या सोनूबाईंच्या खांद्यावर घातली.

मार्चमध्ये अपूर्वा आणि विनीत पुण्यानुमोदनाला गेले. सुंदराबाईंच्या फोटोशेजारी मेपल लाल पंजे पसरून उभा होता. प्रफुल्ल त्याच्याभोवती घिरट्या घालत होता. सोनूबाई शाल पांघरून पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि घामाने निथळत होत्या.

"मावशी, काढा ना ती आता," विनीत न राहवून म्हणाला.

"गप रे," सोनूबाई म्हणाल्या. "सुंदराची हाय."