पंखा आधी माणिकचा

मला एक दातेरी चाक हवं होतं, एवढंच. मुठीत मावेल असं, लोखंडी. त्याच्यापायी मुलुंडपासून कुर्ल्यापर्यंत इतकी वणवण झाली की नवी कोरी चप्पल झिजली.

चाक आईस्क्रीमच्या पॉटचं. लाकडी बादली, मध्ये पत्र्याचा डबा, डब्यात आईस्क्रीम घुसळणारा लाकडी पंखा आणि वर हाताने फिरवायचं हँडल. माझे सासरे, म्हणजे भाऊ, गेले तेव्हा त्यांची ही एवढीच वस्तू माझ्या बायकोने, नीलाने, हट्टाने घरी आणली होती. एक्क्याऐंशीचा मे महिना. नीलाला सातवा लागलेला आणि पोटात अन्न ठरत नव्हतं. डॉक्टर तिचं वजन बघत आणि आणखी एक औषध लिहून देत. तिला डोहाळा एकच: भाऊंच्या पॉटमधलं आंब्याचं आईस्क्रीम, तेही पंख्याला चिकटलेलं, चाटून खायचं. डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचे कान फुटतात, हे शेजारणींनी मला ऐकवून झालं होतं. आणि इथे चाकाचे निम्मे दाते गायब!

कुर्ल्याच्या भंगारवाल्या काशीरामने चाक उलटसुलट करून पाहिलं. "साहेब, ह्याचं स्पेअर मिळालं ना, तर मला पण आणून दाखवा. दर्शन घेतो."

शेवटी पेपरात छोटी जाहिरात दिली. चौथ्या दिवशी कांदिवलीहून पोस्टकार्ड आलं: 'चाक आहे. सोबतचे पुस्तकही आहे. दुपारी यावे. वनमाला.'

वनमालाबाई साठीच्या, एकट्या राहणाऱ्या. बाहेर रणरणतं ऊन आणि खोलीत छताला पंखा नसूनही हुडहुडी भरेल असा गारवा. आंब्याचा वास कोंडलेला, पण आंबा कुठे दिसेना.

"पैसे नकोत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "माझ्याच्याने हँडल फिरत नाही आता. तिची पंचाईत होते... एक करा फक्त. पंखा आधी माणिकला द्या."

"माणिक?"

"लहान आहे हो. मागच्याच आठवड्यात पुढचा दात पडलाय..."

असेल नात, असं मला वाटलं. चाक फुकटात मिळत असताना मी हत्तीसुद्धा कबूल केला असता. "दिला!" म्हटलं, आणि घरी पोचेपर्यंत साफ विसरलो.

रविवारी दुपारी चाक बसवलं. बर्फ, खडेमीठ, हापूसचा रस, आटवलेलं दूध. कर्र... कर्र... हँडल फिरू लागलं. आईस्क्रीम घट्ट होत जातं तसं ते जड व्हायला हवं, पण ते हलकं होत गेलं. पलीकडून कुणी हात लावावा तसं. मी दचकून हात काढला. हँडल आणखी एक फेरा फिरलं आणि थांबलं.

झाकण उघडलं. डबा आईस्क्रीमने भरलेला आणि पंखा मात्र धुऊन पुसल्यासारखा कोरडा. नीलाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

काय चुकलं ते बघायला मी वनमालाबाईंनी चाकासोबत दिलेलं, पॉट कसा वापरायचा त्याचं विलायती पुस्तक काढलं. शेवटच्या पानावर पेन्सिलीने, गिरवलेल्या अक्षरांत लिहिलं होतं: 'पंखा माझा. माणिक. इयत्ता दुसरी. सन १९३०.'

तीस साली दुसरीतली मुलगी म्हणजे आज अठ्ठावन्नची बाई. आणि तिचा दात मागच्या आठवड्यात पडला? नीलाला सगळं सांगून टाकलं.

"अहो, शब्द दिलात ना?" ती डोळे पुसत माझ्यावरच उखडली. "मग पोरीचा वाटा पोरीला नको?" तिने पंखा परत डब्यात घातला, झाकण लावलं आणि बादलीपाशी तोंड नेलं. "माणिक... अर्धा तुझा, अर्धा माझा हं. माझ्या पोटात बाळ आहे गं..."

खोलीत गारवा पसरला. हँडल आपोआप फिरलं. कर्र... कर्र... आणि थांबलं. मी देव्हाऱ्यापर्यंत पळालो होतो, हे कबूल करतो. झाकण नीलानेच उघडलं.

पंख्याची एक बाजू आईस्क्रीमने लदलेली. दुसरी दातांनी खरवडून स्वच्छ केलेली, फक्त मधोमध आईस्क्रीमची एक बारीक रेघ राहिलेली. पडलेल्या दाताच्या फटीएवढी. नीलाने आपली बाजू मिटक्या मारत चाटली. त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या पोटात काहीतरी ठरलं, आणि मला इतका आनंद झाला की भीती कुठल्या कुठे गेली.

आमची शुभा आता आठ वर्षांची आहे. तिचे पुढचे दात पडले, नवे आलेही. दर मे महिन्यात आम्ही पॉट काढतो. पंखा अर्धा शुभाला मिळतो आणि दुसऱ्या अर्ध्यावर ती रेघ अजून उमटते, तेवढीच.

वनमालाबाई येतात त्या दिवशी. खात काही नाहीत. पंखा हातात घेऊन रेघेकडे बघतात आणि बादलीपाशी वाकून विचारतात, "दाखव बघू ताईला... नाही आला अजून?"

हँडल जरासं इकडे हलतं, जरासं तिकडे. मान हलवून नाही म्हणावं तसं.