स्वयंपाकघर नसलेला व्हिला

उमैरने बेल वाजवली तेव्हा त्याच्या हातात मिठाईचा डबा नव्हता. म्हणजे नोकरी गेली, असा तर्क कासमने केला आणि त्याला बरं वाटलं. भाच्याची नोकरी गेल्याचं नव्हे. बायकोच्या आधी आपल्याला कळल्याचं.

"अजून गेली नाय," आतून ताहेरुन्निसा म्हणाली. "गेली असती तर आधी आईला फोन करून रडला असता. डोळे बघा, कोरडे हायत. कधीपर्यंत मुदत दिली रे?"

"उद्यापर्यंत, खाला," उमैर थक्क होऊन म्हणाला.

"वा! वा! वा!" कासम ओरडला. बायकोचं कौतुक तो नेहमी असंच करायचा, तीनदा आणि सगळ्यांच्या आधी, म्हणजे आतली जळजळ कुणाला ऐकू येऊ नये.

दोह्यातल्या कोकणी घरांत मुलीला स्थळ आलं की मुलाची चौकशी ताहेरुन्निसाकडे यायची. कुणाची पहिली बायको दापोलीला आहे, कुणाचा 'इंजिनियर' म्हणजे लिफ्टचं बटण दाबणारा, हे ती चहा थंड व्हायच्या आत सांगायची. कासम गाडी चालवायचा. लोक त्याला विचारत, "ताहेराबाजींचे मिस्टर का?" स्वतःचं नाव त्याने शेवटचं बँकेत ऐकलं होतं.

उमैरने गोष्ट सांगितली. तो मुशैरिबमधल्या राजाभाऊंच्या ऑफिसात होता. राजाभाऊंचा धंदा घरांचा, पण घाऊक: मालकाशी सौद्याचा करार करायचा आणि घर ताब्यात येण्याआधीच तो करार नफ्यावर पुढच्याला सोपवायचा. सगळा खेळ घराची किंमत अचूक ओळखण्याचा. आशियाई खेळांच्या त्या वर्षी भाव असे पळत होते की राजाभाऊंच्या कतारी भागीदाराने, सगळे त्याला अरबाब म्हणत, फर्मान काढलं: किंमत काढायला सॉफ्टवेअर घ्या.

दोन सॉफ्टवेअर चाचणीला आली. अमेरिकन सॉफ्टवेअर राजाभाऊंच्या पुतण्याने, गंधारने आणलं. कॅनडाचं उमैरने. परवा अरबाबसमोर दोघांनी अल दुहैलच्या एकाच व्हिलाची किंमत काढून दाखवायची होती.

"आदल्या संध्याकाळी माझं बरोबर चालत होतं, खाला. अरबाबसमोर बटण दाबलं, तर व्हिलाची किंमत आली दुखानच्या वाटेवरच्या बकऱ्यांच्या गोठ्याएवढी. अरबाब हसून हसून खुर्चीतून घसरला. मग राजाभाऊंनी तोंडी किंमत सांगितली, त्याने टाळ्या वाजवल्या, आणि मला उद्यापर्यंतची मुदत: चूक कशी झाली ते सांग, नाहीतर रजा."

"कुणी काय बदललं?"

"एकच रकाना. स्वयंपाकघर: नाही. कॅनडावाल्यांच्या मते स्वयंपाकघर नसलेलं घर म्हणजे गोदाम. मी 'आहे' लिहिलं होतं, अल्लाकसम."

"पासवर्ड?"

"मॉनिटरला चिकटवलाय. सगळ्यांचे तिथेच असतात." उमैरचा आवाज चिरकला. "राजाभाऊंनी ना-हरकतीचा कागद दिला नाही तर दोन वर्षं कतार बंद. आणि साजिदाच्या घरच्यांनी होकार मला नाही दिला, कतारला दिलाय."

"गंधार," कासम म्हणाला. "खलास. चला, जेवू या."

"चप्पल घाला," ताहेरुन्निसा म्हणाली.

ऑफिसात गंधार भेटला. केसांना जेल आणि मनात काही नाही, अशी मुद्रा.

"माझ्यावर संशय? साहजिक आहे," तो म्हणाला. "पण माझं सॉफ्टवेअर कुठे जिंकलं? त्याने व्हिलाला स्विमिंग पूल असल्याचं आपल्या मनाने धरलं. अरबाब पूल शोधायला माणूस पाठवत होता."

"त्या सकाळी ऑफिस कुणी उघडलं?" ताहेरुन्निसाने विचारलं.

"मीच. कॉम्प्युटरची केबिन म्हणजे भट्टी! एसी बंद. जूनमध्ये! हे काम उमैरचंच, रत्नागिरीवाले वीज वाचवतात."

"ऑफिसची?" उमैर म्हणाला. "मी स्वतःची पण नाय वाचवत."

"तुझे काका कुठल्या बाजूने होते?"

"उमैरच्या. त्याचं कॅनडावालं पहिल्यांदा चाललं तेव्हा काका म्हणाले, वा! वा! वा! रोज त्याच्या मागे खुर्ची टाकून बसायचे. शिकायला."

"केबिनच्या किल्ल्या?"

"एक माझ्याकडे, एक उमैरकडे. काका हरवतात म्हणून तिसरी काकूंकडे."

राजाभाऊंच्या अल दुहैलमधल्याच घरी त्यांच्या बायकोने, शोभाकाकूंनी, देव्हाऱ्याशेजारचा खिळा दाखवला. किल्ली तिथेच होती. "मी तर त्या ऑफिसात पाऊल टाकत नाही, बाई. यांचंच बघा. पूर्वी जेवताना घरांच्या गोष्टी सांगायचे, आता मुकाट्याने वरणभात. मी म्हटलं, कॉम्प्युटर आलाय, आराम करा. तर ताटावरून उठले."

"सवतच आली म्हणायची," ताहेरुन्निसा म्हणाली. शोभाकाकू हसल्या, पण फार नाही.

व्हिला दाखवायला राजाभाऊ स्वतः आले. गंधार गाडीतच बसला. "मी कधीच आत जात नाही. फोटोंवर काम करतो, उन्हात नाही."

राजाभाऊंचं घर बघणं म्हणजे डॉक्टरने रोगी तपासणं. बूट काढले, फरशी तळव्याने चाचपली, एसी बंद केला, भिंतीला कान लावला, बोटाने टकटक केली, खोल श्वास घेतला. "पाणी मुरलेलं नाही. वरच्या मजल्याला घाईत रंग दिलाय. मालक भांडखोर, दार बघा किती वेळा आपटलंय." आणि किंमत सांगितली. चेहऱ्यावर असं तेज की कासमला त्यांचाही हेवा वाटला. आपल्याला गिअर बदलण्याखेरीज काय येतं?

त्याला तहान लागली. पाणी शोधत तो सगळ्या खोल्या फिरला, आणि शेवटी मागच्या अंगणापलीकडच्या वेगळ्या बांधलेल्या खोलीतून तोंड पुसत परतला. "काय घर हाय! चुलीसाठी अंगण ओलांडा!"

"इथे जुन्या घरांत असंच असतं, कासमभाई," राजाभाऊ म्हणाले. "फोडणीचा वास पाहुण्यांना नको."

ताहेरुन्निसा अंगणाच्या दारापर्यंत जाऊन बघून आली. कासमने ओळखलं की तिला समजलंय, आणि आपल्याला नाही.

दुसऱ्या दिवशी अरबाब यायच्या आधी सगळे ऑफिसात जमले.

"ज्याने रकाना बदलला, त्याने खोटं लिहिलं नाय," ताहेरुन्निसाने सुरुवात केली. "व्हिलाच्या आत स्वयंपाकघर नायच. मोडायचंच होतं तर घर पन्नास वर्षांचं लिहिता आलं असतं, छप्पर उडवता आलं असतं. पण या माणसाच्याने घराबद्दल खोटं लिहवेना. आणि चूल अंगणात हाय हे कुणाला ठाऊक? जो घरात फिरला त्याला. गंधार गाडीतनं उतरत नाय."

गंधारने प्रथमच स्वतःच्या आळसाचा अभिमान वाटल्यासारखं पाहिलं.

"शोभाताई ऑफिसातच येत नाहीत, रकाना कुठून ओळखणार? उमैर स्वतःच्या पोटावर लाथ मारणार नाय. मग रोज त्याच्यामागे बसून बघणारा कोण? ज्याच्या घरात तिसरी किल्ली खिळ्याला टांगलेली हाय, तो. आणि दोह्यात जूनमध्ये एसी कोण बंद करतं? ज्याला खोलीत शिरल्याबरोबर आधी ऐकायची सवय हाय, तो." ती वळली. "यंत्राची किंमत करायला गेलात, राजाभाऊ, आणि हात सवयीने एसीच्या बटणाकडे गेला."

राजाभाऊंनी मॉनिटरला चिकटवलेला पासवर्ड सोलून टेबलावर ठेवला.

"पंधरा वर्षं अरबाबने माझ्या नाकावर विसंबून घरं घेतली, भाभी," ते म्हणाले. "मागच्या आठवड्यात फोन केला तर म्हणतो, फोन कॉम्प्युटरला दे. तू किंमत सांग, असं नाही. कॉम्प्युटरला दे."

 कासमने त्यांच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

"काका," उमैर हळूच म्हणाला, "भिंतीतलं पाणी याला ऐकू येत नाय. एक रकाना जोडतो. तुम्ही ऐकून दहापैकी गुण द्यायचे. तुमचे गुण भरल्याशिवाय किंमत निघणारच नाय."

"रकान्याला नाव काय देशील?"

"राजाभाऊ."

राजाभाऊंनी नाक शिंकरलं. अरबाब आला तेव्हा त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं. अरबाब पुन्हा खुर्चीतून घसरला, मग म्हणाला, "यल्ला, चला, राजाभाऊ आणि यंत्र, दोघंही पाहिजेत," आणि कॅनडाचं सॉफ्टवेअर ठरलं. उमैर साजिदाला फोन करायला जिन्यात पळाला. अमेरिकन सॉफ्टवेअर तेवढं अजून पूल असल्याचं म्हणत होतं.

गाडीत कासमने बरंच अंतर गिअरशी भांडण्यात घालवलं. "किल्ली, चूल, एसी, ते कळलं मला. पण मालक आपल्याच यंत्रावर जळेल, हे कुणाच्या डोक्यात येईल?"

"त्यांनी यंत्राला वा म्हटलं. तीनदा." ताहेरुन्निसा खिडकीबाहेर बघत होती. "खऱ्या कौतुकाला एक पुरतो. तीन कधी लागतात, ते वीस वर्षं मी घरात ऐकतेय."

सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न दिला, तरी कासमला गाडी हलवायचं सुचेना.

"वा," तो म्हणाला. एकदाच.