धाकटी नाही म्हणाली म्हणून

लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली, तेव्हा आत ती होती आणि चहाची ढकलगाडी. वृद्धाश्रमातली ती सेविका. सकाळचा चहा घेऊन वर निघाली होती. बराच वेळ ठोठावल्यावर वरचं दार हातभर उघडलं आणि एक भिजलेला चेहरा खाली डोकावला. बाहेर पाऊस कोसळत होता. त्याच्या केसांतलं पाणी थेट तिच्या नाकावर ठिबकलं.

"आधी कुणाला काढू?" त्यानं विचारलं. "तुम्हाला की चहाला?"

"चहाला. माझी कुणी वाट बघत नाहीये."

तो हसला. ती मात्र गमतीनं बोलली नव्हती.

लिफ्ट जुनी होती, सारखी रुसायची, त्यामुळे ती दुरुस्त करणारा तो लिफ्टवालाही सारखा यायचा. कधी कधी तर लिफ्ट धड असतानाही. दोघं जिन्यात बसून डबा खायची. सगळा मजला तिच्या आवाजावर चालतो म्हणून तो तिला 'मॅनेजर' म्हणायचा. ती म्हणायची, तुझ्या हाताला गुण असता तर लिफ्ट कधीच सुधारली असती आणि आपली ओळख तिथंच संपली असती. अहो-जाहोचं अरे-तुरे कधी झालं, कळलंच नाही. काम करताना तिच्या हातून पाना घेताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागायची, आणि तो ती लगेच काढून घ्यायचा नाही... निदान तिला तरी तसं वाटायचं.

घरी ती 'मोठी'. वडील गेल्यावर घर तिनंच ओढलं होतं. आई तिच्या लग्नाच्या काळजीत, पण घरी जो कुणी यायचा तो चौकशी करायचा धाकटीची. मोठीनं त्याचीही सवय करून घेतली होती. आता मात्र आरशासमोर ती थोडी जास्त थांबू लागली.

वरच्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत एक निवृत्त शिक्षिका होत्या. सगळे त्यांना बाई म्हणत. अर्धं अंग लुळं, एकुलता एक मुलगा दूर, फोनही क्वचित. अंघोळ झाली की बाई प्रार्थना करायच्या. त्यांचा एकच हात चालायचा. जोडायला दुसरा त्या मोठीचा घ्यायच्या. त्या दिवसांत मोठी डोळे मिटून देवाकडे एकच गोष्ट मागायची.

एका दुपारी लिफ्टवाला म्हणाला, "तुला एक विचारायचं होतं... हसणार नाहीस ना?"

तिनं मान हलवली.

"परवा तुझी छत्री द्यायला आली होती ती — बहीण ना तुझी? तिचं कुठे जमलंय का?"

जिन्याच्या खिडकीवर पाऊस वाजत राहिला. नाही, विचारते, असं काहीसं मोठी म्हणाली. आणि खरंच तिनं विचारलं. धाकटी लाजली, आईचा चेहरा खुलला, लग्न ठरलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी हात पुढे केला, तेव्हा मोठीनं आपला दिला नाही. बाईंनी खोदून विचारल्यावर सगळं सांगितलं. देवालासुद्धा आपण दिसत नाही, मग त्याच्याशी बोलायचं कशाला, असंही म्हणाली. बाई रागावल्या नाहीत. जड जिभेनं एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "पोरी, कुणाला तरी आवडावीस म्हणून देवानं तुला नाही केलं. त्याला आवडलीस... म्हणून केलं."

मोठीचा संताप झाला. अंथरुणाला खिळलेल्या माणसानं स्वतःची समजूत काढावी, तसलं हे बोलणं. टॉवेल बादलीत आपटून ती निघून गेली.

पाऊस ओसरता ओसरता बाई गेल्या. त्याआधी पाठीला जखमा झाल्या होत्या, खोलीत वास यायचा, बाकीच्या सेविका नाकाला पदर लावून दारातूनच परतायच्या. मुलगा निघतो म्हणाला होता, पोचला नाही. शेवटचं त्यांचं अंग मोठीनंच पुसलं, एकटीनं.

केस विंचरताना तिचा हात थांबला. या बाईंकडे काय उरलं होतं? रूप नाही, ताकद नाही, शेवटी शेवटी तर मोठी कोण, हेही त्यांना आठवत नव्हतं. तरी या अंगाची तिला कधी किळस आली नाही, ओझं वाटलं नाही. बाई आपल्या आहेत, एवढंच पुरलं होतं. मग आपल्याकडेही कुणी असंच बघत असेल... तोलून नाही, कुणाच्या शेजारी उभं करून नाही. तिनं तो थंड हात आपल्या हाताला जोडला. बराच वेळ रडली. या वेळी तिनं काही मागितलं नाही.

थोड्याच दिवसांत धाकटीला परगावी चांगली नोकरी लागली आणि तिनं ठरलेलं लग्न मोडलं. लिफ्टवाला आईकडे आला, बसला, मोठीला मागणी घालून गेला. आईनं मोठीला हात जोडून विनवलं, हो म्हण, यापुढे तुला कोण विचारणार आहे? मोठी म्हणाली, मला आधी त्याच्याशी बोलू दे.

तो जिन्यात उभा होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"आपलं आधीपासून जमतंच की," तो म्हणाला. "तू हो म्हण."

"ती नाही म्हणाली नसती तर आला असतास?"

"खोटं नाही बोलणार... नसतो आलो."

"खरं बोललास, बरं केलंस. मला तू आवडतोस. आजही. पण धाकटी नाही म्हणाली म्हणून मी — असं नको मला."

"एकटी पडशील गं."

"पडेन कदाचित. पण मी टाकलेली नाहीये रे. इतके दिवस मला वाटायचं, टाकलेली आहे."

पायऱ्या उतरत तो गेला. त्याच्या बुटांचा आवाज ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

मग ती चादरींच्या खोलीत गेली, दार लोटलं आणि घडी घातलेल्या गठ्ठ्यांवर डोकं टेकलं. घरी आईला काय सांगायचं, ते तिला माहीत नव्हतं. पुढची सगळी वर्षं समोर रिकामी दिसत होती.

"दुखतंय रे," ती हळूच देवाला म्हणाली. घरच्या माणसाला सांगावं, तसं.